नसलेल्या भावाचं माप

४ मार्च

ताई,

नमस्कार. तुम्ही जाताना सांगितलं होतं त्याप्रमाणे तिचे कपडे धुऊन, घड्या घालून पाठवत आहे. दोन झगे, एक शाल आणि डोक्याचे रुमाल. तुमच्या प्रार्थनामंडळीच्या शिवणघरातून ते गरजू बायकांना देता येतील, असं तुम्ही म्हणाला होतात.

मी बरा आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पुन्हा जाऊ लागलो आहे. तिथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, त्यामुळे अर्धं ऐकू येत नाही. साखरेचा डबा अजून वरच्या फळीवरच आहे. तिचा हात सहज पोचायचा. मला स्टूल घ्यावं लागतं. डबा खाली ठेवता येईल, पण ठेवलेला नाही.

तिच्या आजारपणात आणि नंतरही तुम्ही इतके दिवस राहिलात. त्या वेळी काही बोलायला जमलं नाही. तुम्ही होतात म्हणून निभावलं.

आपला नम्र


१३ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र म्हणजे तार. धाकटी तुमच्याशी बारा वर्षं काय बोलत होती देव जाणे. बहुतेक तीच बोलत असेल.

पार्सल पोचलं. उघडलं आणि बघतच राहिले. दोनच झगे? माझी बहीण काचेच्या कारखान्यात एवढी राबली आणि तिच्या झग्याचं कोपर विरलेलं नाही? दोन्ही मीच शिवलेत. एक तर तुमच्या लग्नानंतर लगेचचा आहे. अजून कोरा वाटतो. मग कामावर ती काय घालत होती?

तुम्ही बाहेरचे, तुम्हाला आमच्या रीती नीट ठाऊक नाहीत, म्हणून सांगते. मे अखेरीला स्मरणाची प्रार्थना असते. वर्षभरात गेलेल्यांची नावं प्रमुख एकेक करून घेतात. गेलेली बाई असेल, तर आधी तिची सगळ्यात जवळची बाई उभी राहते. तिला विचारतात, ‘हिने वस्त्रांचा नियम पाळला का?’ बाईने पुरुषाचं वस्त्र घालायचं नाही आणि परक्या पुरुषाचं वस्त्र घरात ठेवायचं नाही, हा तो नियम. ‘पाळला’ म्हटलं की तिचं नाव घेतात आणि सगळे एका आवाजात म्हणतात, ‘आमच्यात आहे.’ नाव घेतलं नाही, तर ते माणूस आमच्यात कधी नव्हतंच असं धरतात. आईसाठी मीच उभी राहिले होते. धाकटीसाठीही मलाच उभं राहायचं आहे.

म्हणून आता विचारते. तुमच्या न्हाणीघराच्या दारामागे एक पँट टांगलेली होती. मी उभा जन्म माप घेण्यात घालवलाय, मला टेप लागत नाही. ती पँट तुमची नव्हे. तुम्ही घातलीत तर वीतभर कापड फरशी पुसत मागून येईल. कपाटात शर्टही त्याच मापाचे होते. त्या दिवसांत तोंड उघडलं नाही. कोणाची आहे ती?

ताई


२० मार्च

ताई,

नमस्कार. ती पँट माझ्या भावाची आहे. तो उंच आहे. अधूनमधून यायचा. शर्टही त्याचेच.

न्हाणीघराचा नळ गळत होता, तो दुरुस्त केला. बाकी ठीक.

आपला नम्र


२८ मार्च

भाऊजी,

खोटं बोलायचं तर जरा बेतून तरी बोलायचं. तुमच्या आईने लग्नात जेवणाच्या टेबलाशी येऊन येऊन मला ऐकवलं होतं, “एकुलता एक आहे हो माझा, तुमच्या बहिणीला सांगा, जपायला.” आता त्या गेल्यावर त्यांना दुसरा मुलगा झाला काय?

हसते आहे असं समजू नका. मला रात्र रात्र झोप नाही. तुमच्या घरात एका उंच पुरुषाचे कपडे आहेत, वापरलेले, धुतलेले, इस्त्री केलेले. तुम्हाला ते माहीत आहे आणि तुम्ही ते लपवताय. याचा मी काय अर्थ घ्यायचा? तुम्ही साधे आहात. तुमच्या साधेपणाचा कोणी फायदा घेतला असेल, आणि ते माझ्याच बहिणीने केलं असेल, तर मला सांगा. ती आजारी असताना मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेव्हाही ती मला काही बोलली नाही.

मला खोटं बोलता येत नाही. लहानपणी तिने बरणी फोडली तेव्हा मारापासूनही मी तिला वाचवू शकले नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. तेव्हा नीट ऐका. तो माणूस कोण हे कळल्याशिवाय मी मे महिन्यात उभी राहणार नाही.

ताई


९ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तिला शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही. पण तुम्ही जे समजता आहात, त्यापेक्षा शब्द मोडलेला बरा.

घरात दुसरा पुरुष कधीच नव्हता. ती पँट तिची आहे. शर्टही तिचेच.

तुम्ही शिवलेले झगे ती सुरुवातीला कामावर घालत होती. मंडळीच्या नमुन्यातलं सगळ्यात मोठं मापही तिला आखूड पडायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही बाहीला पट्टी जोडून दिली होतीत. पण ती सैल असायची, काचेच्या कडेला अडकायची. कारखान्यात तिला सगळे ‘शिडी’ म्हणत. मुकादम म्हणायचा, “शिडे, एक तर हात आखूड कर, नाहीतर बाही लांब कर.” हसण्यावारी नेत होते. एकदा मोठं तावदान उचलताना तिचा पाय झग्याच्या घोळात अडकला. तावदान निसटलं आणि बाही संपते तिथे, मनगटाच्या वर, लागलं. त्या जखमेबद्दल तिने तुम्हाला भाकरी भाजताना चटका बसला असं सांगितलं होतं. तो चटका नव्हता.

टाके काढल्यावर ती घरी माझा शर्ट घालून बघू लागली. खांद्यावर उसवला आणि बटण उडून पातेल्यात पडलं. आम्ही खूप हसलो. मग ती म्हणाली, “माझ्या मापाचं जगात कुठे तरी असेलच ना?”

म्हणून मी पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माप विचारलं. मी माझ्या डोक्याच्या वर हात धरला आणि म्हटलं, एवढा उंच, हात लांब. तो म्हणाला, “भाऊ का?” मी हो म्हणालो. भाऊ तिथे जन्मला.

पहिल्याच वेळी शर्ट बरोबर बसला. तिने हात पुढे केले. कफ मनगटावर येऊन थांबला. ती आरशापुढे उभी राहिली नाही. सरळ वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली काढले आणि पुन्हा वर ठेवले. बाही कुठे ओढली जाते का, ते बघत होती. मग खिशात हात घातला आणि म्हणाली, “तुम्हा लोकांना एवढे खिसे असतात आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?”

त्यानंतर तिला काच लागली नाही.

ती नियम मानत नव्हती असं नाही. रोज सकाळी झगा घालून प्रार्थना करायची, मग तो घडी करून ठेवायची आणि पँट चढवायची. म्हणून तुमचे झगे कोरे राहिले. ते फक्त प्रार्थनेला वापरले गेले. तुम्हाला का सांगायचं नाही, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, “ताईला खोटं बोलता येत नाही. तिला माहीत नसेल तर ती माझ्यासाठी खरंखुरं ‘पाळला’ म्हणेल.” शेवटच्या आठवड्यात तुम्ही औषध आणायला गेला होतात, तेव्हा तिने मला विचारलं, “माझं नाव घेतील ना?” मी घेतील म्हणालो.

एक गोष्ट आणखी. ती गेल्यावर काही दिवसांनी मी त्या दुकानावरून चाललो होतो. दुकानदाराने हाक मारली, “अहो, भावाच्या मापाचे दोन शर्ट आलेत, बाजूला ठेवलेत.” तो नेहमी भावाची चौकशी करायचा. त्याची एक भाची उंच आहे, तिच्यासाठी त्याने एकदा विचारणाही केली होती. मी म्हटलं, भाऊ गेला. त्याने मला आत बसवलं, पाणी दिलं, गिऱ्हाइकांना थांबवलं आणि माझ्या शेजारी बसून राहिला. तोपर्यंत मी रडलो नव्हतो. तिथे रडलो. नसलेल्या भावासाठी, दुसऱ्याच्या दुकानात, पँटच्या ढिगाशेजारी.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणजे आता तुम्हाला ‘पाळला’ म्हणता येणार नाही. ते माझ्यामुळे झालं.

तुमचा भाऊजी


१८ एप्रिल

भाऊजी,

पत्र वाचून आधी रडले. मग बटण पातेल्यात पडलं तिथे हसले. मग तुमच्यावर संतापले, मग स्वतःवर. तिचं माप मला तोंडपाठ. आईचा झगा कापून तिचा पहिला फ्रॉक मी बेतला होता. तीच उंची, तेच खांदे, तेच हात माझ्या डोळ्यांसमोर कपाटात टांगलेले होते आणि मला ओळखू आले नाहीत. बाईचं माप पुरुषाच्या कपड्यात मी कधी पाहिलंच नव्हतं ना. त्यापेक्षा परका पुरुष मनात आणणं मला सोपं गेलं. याबद्दल ती मला काय म्हणाली असती ते लिहीत नाही. शिव्या चांगल्या द्यायची.

पण ऐका. मी बसून विचार केलाय. आमच्यात जुनी समजूत आहे: बाईच्या हाताने बाईच्या अंगासाठी बेतलेलं कापड बाईचंच वस्त्र. शिवणघरात आम्ही पुरुषांच्या जुन्या कोटांचे मुलींना कोट करतो, तेव्हा कोणी हरकत घेत नाही. धाकटीने त्या पँटला हात लावला असेलच. कंबर आत घेतली असेल, एखादी चूण घातली असेल, निदान खालची दुमड? एक टाका पुरे आहे, भाऊजी. एक टाका असला तर मी मान वर करून ‘पाळला’ म्हणेन आणि ते खोटं ठरणार नाही. नीट बघा. किंवा नको, तुम्हाला काय कळणार. पँट मला पाठवा.

ताई


२७ एप्रिल

ताई,

नमस्कार. पँट पाठवत आहे. मी दिव्याखाली उलटसुलट करून पाहिली. तिने एकही टाका घातलेला नाही. घालायची गरजच पडली नव्हती. तिला त्याचंच कौतुक होतं. “कोणी काही न करता बसते,” असं म्हणायची.

तुम्ही टाका घातलात तर मला काही म्हणायचं नाही. मी कोणाला सांगणार नाही. तिचं नाव घेतलं जावं एवढंच मला वाटतं. तुम्हाला त्यासाठी खोटं बोलावं लागू नये, असंही वाटतं. दोन्ही कसं जमेल ते मला कळत नाही.

उजव्या खिशात काचेवर खुणा करायची पेन्सिल आहे. ती मी काढली नाही.

तुमचा भाऊजी


३० मे

भाऊजी,

काल प्रार्थना झाली. जसं झालं तसं सांगते. मध्ये अडवू नका, म्हणजे तुम्ही कुठले अडवताय.

टाका मी घातला होता. आदल्या दिवशी, शिवणघरात, सगळ्या गेल्यावर. कमरेला मागे एक चूण, चांगल्या दोऱ्याने, जुनी वाटावी म्हणून दोरा चहात बुडवून. मग पँट हातात धरून लांबून बघितली. चुणीने सगळा तोल गेला होता. मागे फुगा आला, बाजूची शिवण वाकडी झाली. धाकटी त्यात वाकली असती तर उसवली असती. उभा जन्म शिवणात घालवून मी माझ्या बहिणीचा एकमेव नीट बसणारा कपडा बिघडवून ठेवला होता. सकाळी उठून आधी तो टाका उसवला. कापडावर पाणी मारून भोकं बुजवली. मग प्रार्थनेला गेले. पँट पिशवीत, पेन्सिल खिशात.

तिची पाळी आली. मी उभी राहिले. प्रमुखांनी विचारलं, “हिने वस्त्रांचा नियम पाळला का?” त्यांच्या आवाजात काळजी नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते नुसतं विचारायचं म्हणून विचारणं होतं. आणि मी म्हटलं, “नाही.”

सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हटलं, “ती कामावर पुरुषांचे कपडे घालत होती. रोज. आपल्या नमुन्यात तिचे हात मावत नव्हते आणि काचेने तिला कापलं. तिला मंडळी सोडायची नव्हती, म्हणून तिने हे माझ्यापासून लपवलं. रोज झगा घालून प्रार्थना करायची. ते झगे माझ्याकडे आहेत, कोणी बघायला या, गुडघ्यांवर विरलेत.” हे मला तुमचं पत्र वाचल्यावर दिसलं, भाऊजी. मी कोपरं बघत बसले होते. गुडघे बघितलेच नव्हते.

प्रमुख वाईट माणूस नाहीत. पुढे झुकून हळूच म्हणाले, “बाई, नुसतं हो म्हणाला असतात तर.” मी म्हटलं, “मला येत नाही.” ते पुन्हा सरळ झाले. मग म्हणाले, “मला नाव घेता येणार नाही,” आणि पुढच्या नावाकडे वळले.

तेव्हा मीच हाक मारली. पूर्ण नावाने नव्हे. लहानपणी ती झाडावर चढून बसायची आणि जेवायला यायची नाही, तेव्हा दारातून मारायची तशी, लांबवून. प्रार्थनागृहाचं छप्पर उंच आहे, माझाच आवाज फिरून परत आला. मला वाटलं, संपलं. खाली बसायला वाकले.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून आमची म्हातारी सुईण उठली. अर्ध्या मंडळीला जगात तिनेच आणलंय. काठीवर रेलून प्रमुखांना म्हणाली, “मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिच्या अंगावर काहीच नव्हतं. तेव्हा घेतली होतीच ना आपल्यात?” आणि सगळीकडे बघून म्हणाली, “आमच्यात आहे.”

मग मागून एक आवाज आला. मग आणखी काही. सगळे नाही. पुरुषांच्या बाजूने फार थोडे, आणि काही बायका उठून बाहेर गेल्या. पण जे बोलले ते पुटपुटले नाहीत. तुम्ही तिला घेतील म्हणाला होतात. घेतलं. प्रमुखांनी नाही, पण घेतलं.

आज शिवणघराची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बघू.

पँट मी ठेवून घेतलीय, मागू नका. शर्टही एखादा असता तर चाललं असतं. घालणार नाही, या वयात कुठे नवी थेरं. पण माझेही हात आईवरच गेलेत, धाकटीसारखे लांब, हे तुम्ही कधी बघितलं नसेल. आणि त्या दुकानदाराला खरं सांगून या. बिचारा तुमच्या शेजारी बसला. कोणासाठी बसला ते त्याला कळू दे.

ताई


१० जून

ताई,

तुमचं पत्र मी कचेरीत वाचलं. मग घरी येऊन पुन्हा वाचलं. साखरेचा डबा खाली ठेवला आहे. एवढंच सांगतो.

दुकानात गेलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हटलं, “तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मला भाऊ नव्हता. ते कपडे माझ्या बायकोचे होते.”

तो शर्टांच्या घड्या घालत होता. थांबला नाही. म्हणाला, “भावासाठी घेणारा माणूस मापाचं बघतो आणि पैसे देतो. तुम्ही दर वेळी कॉलर आतून बोटाने चाचपून बघायचा, टोचते का म्हणून. मी दुकानात काय माश्या मारतो?”

मी म्हटलं, मग भाचीचं का विचारलं होतंत?

“तुम्ही काय उत्तर देता ते बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, भावाचं लग्न झालंय आणि तो सुखात आहे.” मग त्याने शर्ट फळीवर ठेवला आणि म्हणाला, “साहेब, माझ्या गिऱ्हाइकांचे निम्मे भाऊ दुकानात कधी आलेच नाहीत. कोणी दिरासाठी नेतं, कोणी मामेभावासाठी. एक बाई गेली कित्येक वर्षं आजारी काकांसाठी नेते. काका शिडीवर चढून रंगकाम करतात.”

त्याने बाजूला ठेवलेले दोन शर्ट अजून तिथेच होते. कोणाला विकले नव्हते. दोन्ही घेतले. त्याने कोणासाठी म्हणून विचारलं नाही. मीच सांगितलं, मेव्हणीसाठी.

या पत्राबरोबर पाठवत आहे. तुमचं माप मी विचारलेलं नाही. तिचंच घेतलं आहे. कॉलर आतून बघितली, टोचत नाही. घालायचे नसतील तर परत पाठवू नका. तुमच्याकडेही कोणाला तरी असा भाऊ असेलच.

तुमचा भाऊजी